वेशीबाहेरचा कादेल

लखोट्याचा डिंक वाफेवर सुटायला फार वेळ लागत नाही. किटलीचं तोंड जरा रुंद असेल, तर दहा आकडे मोजेपर्यंत काम होतं. हे मला वयाच्या सत्तराव्या वर्षी, एका गुरुवारी सकाळी, माझ्याच स्वयंपाकघरात कळलं. माझी बायको नेस्टा असती तर तिने किटली माझ्या हातातून काढून घेतली असती. पण नेस्टाला जाऊन तीन महिने झाले होते आणि घरात मला अडवणारं कोणी उरलं नव्हतं.

लखोट्यावर टंकलेलं होतं, 'वेशीबाहेरचा'. हे स्पर्धकाचं टोपणनाव. आमच्या नांतबेरू गावच्या साहित्य संमेलनात, म्हणजे ज्याला आम्ही आयस्टेदवोद म्हणतो त्यात, कोणी आपल्या नावाने लिहीत नाही. लेखावर टोपणनाव घालायचं, खरं नाव चिठ्ठीवर लिहून बंद लखोट्यात टाकायचं आणि लखोटा चिटणिसाकडे द्यायचा. परीक्षक मंचावरून टोपणनाव पुकारतो, सभागृहातून कोणीतरी उठून उभं राहतं, तेव्हा कुठे गावाला कळतं की यंदा मानाची खुर्ची कोणाची. तोवर चिटणिसालाही कळता कामा नये. चिटणीस मी, इथेल प्यू, निवृत्त मुख्याध्यापक. बावीस वर्षांत एकही लखोटा मी वेळेआधी उघडला नव्हता आणि ही गोष्ट मी लोकांना जरा जास्तच वेळा ऐकवत असे.

आमच्याकडे खुर्ची एका वर्षी कवितेला, एका वर्षी गद्याला. यंदा गद्याची पाळी होती. विषय होता, एक जुनं नाव आणि ते लावणारे राजे. चार लेख आले. तीन नेहमीचेच, आपल्याच आजोबांना ओढूनताणून राजवंशात बसवणारे. चौथा 'वेशीबाहेरचा' याचा, कादेल या नावावर. परीक्षक डॉ. पेन्री वॉटकिन यांचं पत्र बुधवारी आलं: खुर्ची चौथ्यालाच, यात दुमत नाही.

मला तेव्हाच शंका आली. मुळात मी शंकेखोर माणूस. नेस्टा म्हणायची, "तुम्ही आरशासमोर उभे राहिलात तरी आधी विचाराल, कोण आहे म्हणून." चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्यावर माणूस असाच होतो. चांगला निबंध समोर आला की पहिला प्रश्न मनात येतो, हा कोणाचा उतरवला?

आणि हा लेख फारच चांगला होता. गावात हे असं कोण लिहिणार? टपाल कार्यालयातली डिलिस? ती पत्रं वाचते, लिहीत नाही. खाटीक ग्विन? त्याला दोन ओळींत तीनदा रडू येतं. गावात कादेल नावाचा माणूस एकच होता, कादेल मॉरिस, कबरी खणणारा; आणि त्याच्यावर माझा संशय एक क्षणही गेला नाही. त्याला मीच शिकवलं होतं. दहा वर्षांचा होईपर्यंत त्याला धड वाचता येत नव्हतं. शाळा सोडताना मी त्याच्या दाखल्यावर शेरा लिहिला होता, 'हाताची कामं द्यावीत, डोक्याला ताण देऊ नये.' त्याची आई सारा तेव्हा लोकांचे कपडे धुवायची. दाखला घ्यायला ती ओल्या हातांनीच आली होती. मी तिला म्हणालो होतो, "सारा, नाव ठेवताना जरा बेताचं ठेवायचं होतंस. राजाचं नाव या पोराला पेलायचं नाही." पदराला हात पुसावेत तसे तिने एप्रनला हात पुसले आणि दाखला घेतला.

आठवं पान वाचताना मात्र मला दिसलं. टंकलेल्या ओळींत एक अक्षर सारखं खाली उतरत होतं. ते अक्षर मी वीस वर्षं चॅपेलच्या सूचनाफलकावर पाहिलेलं होतं. पाळक टुडर रीस यांचं यंत्र. पाळकसाहेबांना वारून तीन वर्षं झालेली. जुन्या राजांच्या वंशावळी हा त्यांचा आवडीचा विषय, आणि त्यांची कागदपत्रं मागे राहिलेली. म्हणजे कोणीतरी मेलेल्या माणसाचं लेखन चोरून स्वतःच्या नावावर खपवत होतं! मी लेख तिथेच ठेवला आणि किटली चढवली.

चिठ्ठीवर नाव होतं, कादेल मॉरिस.

मी खुर्चीत बसलो. मग आठवलं, पाळकसाहेब गेल्यावर त्यांचं घर रिकामं करायला कोण होतं? कादेलच. हातगाडीवरून खोके नेताना मीच त्याला पाहिलं होतं. सगळं जुळलं. लेखाची पुढची पानं मी वाचलीच नाहीत. चोर सापडल्यावर मुद्देमाल कोण वाचत बसतो?

चिठ्ठी मी जाकिटाच्या खिशात घातली आणि रिकामा लखोटा पुन्हा चिकटवला.

शुक्रवारी दुपारी दफनभूमीत गेलो. कादेल विळा घेऊन गवत कापत होता. आमच्या गावात आडनावं पाच-सहाच, त्यामुळे माणसाला धंद्यावरून ओळखतात. त्याला सगळे खड्डेवाला म्हणत. चोपन्न वर्षांचा, खांद्याने वाकलेला, बोटं गाजरांसारखी जाड. मला पाहून त्याने टोपी काढली.

"बाईंच्या कबरीला आलात होय, मास्तर? मी कालच तिथलं गवत काढलं."

"मी तुझ्याकडेच आलोय. पाळकसाहेबांचं टंकलेखन यंत्र तुझ्याकडे आहे का?"

"आहे की."

"कसं आलं?"

"त्यांनीच दिलं. जायच्या आधी म्हणाले, कादेल, तू ऐकत बसतोस तेवढं लिहूनही काढ. पण या बोटांनी काय होतंय? एक अक्षर दाबलं तर दोन उठतात." तो हसला. मी हसलो नाही.

"आणि त्यांचे कागद?"

"ते वाचनालयात गेले. मीच नेऊन दिले."

"सगळे?"

आता त्याचं हसू गेलं. विळ्याचं पातं त्याने गवतावर पुसलं, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मग माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, लखोटा उघडलात तुम्ही?"

हा प्रश्न त्याने रागाने विचारला असता तर मला उत्तर देणं सोपं गेलं असतं. पण त्याचा स्वर असा होता, की जणू माझंच कोणी वारलंय आणि ते मला कसं सांगावं हे त्याला समजत नाही.

"ते महत्त्वाचं नाही," मी म्हणालो. "चार-चार कादेल, त्यांची सालं, कोणाचा बाप कोण! हे तुझं नाही. मी तुला शिकवलंय. उद्या तू उभा राहिलास, तर मी सगळ्यांसमोर विचारणार की हे कुठून आलं. पाळकसाहेबांचा नातू येणार आहे, त्यालाही विचारू."

"नातवाला विचारा की. पण तिथं, सगळ्यांपुढं?"

"सगळ्यांपुढं."

पलीकडे कुंपणातून मेंढ्या माना घालून गवत ओढत होत्या.

"आईला आणणार आहे उद्या," तो म्हणाला. "ब्याऐंशीची झाली ती. दिसत नाही, ऐकायलाही कमी येतं, म्हणून पहिल्या रांगेत बसवणार आहे. तिला काही सांगितलं नाही मी. हे नाव तिनं ठेवलं ना, मास्तर. सारं गाव मला खड्डेवाला म्हणतंय. एकदा कुणीतरी मंचावरून मोठ्यानं कादेल म्हणावं, आणि ते तिनं ऐकावं, एवढ्यासाठी बसलो होतो दोन हिवाळे."

"लिहिलं असतंस तर ऐकलं असतं तिने."

"बरं." त्याने टोपी घातली. "मग मी उभा राहणार नाही. तुम्ही तिथं काही बोललात आणि ते तिच्या कानावर पडलं, तर मला ते परत मातीत घालता यायचं नाही. मी आपला नेहमीसारखा दारावर थांबतो. तीनदा पुकारून कोणी उठलं नाही तर लखोटा फोडायचा, असाच नियम आहे ना? लखोटा तुमच्यापाशी आहे. वाचावंसं वाटलं तर वाचा. नाही वाटलं तर नका वाचू."

आणि तो परत गवत कापायला लागला. मी घरी आलो तो जिंकलेल्या माणसासारखा. रात्रीचं जेवण मात्र गेलं नाही. लखोटा रिकामा निघाला की नियमभंग, नियमभंग झाला की खुर्ची कोणालाच नाही. मला तोंडही उघडावं लागणार नव्हतं.

शनिवारी दुपारी सभागृह भरलं. मागच्या खोलीत बायकांनी मनुकांचा पाव कापून ठेवला होता, चहाची मोठी भांडी चढली होती. कादेल दारावर उभा होता, बावीस वर्षं उभा राहतो तसाच. कोट घेत होता, छत्र्या लावत होता. आज मात्र त्याने टाय बांधलेला होता. दाराला टाय कशाला, असं खाटीक ग्विनने त्याला विचारलंही.

"आज थंडी आहे," कादेल म्हणाला.

सारा पहिल्या रांगेत, अगदी कडेला, मांडीवर पर्स धरून बसली होती. मी जवळून जाताना तिने माझी बाही पकडली. चालण्यावरून ओळखलं असणार.

"मास्तर, खुर्ची कुणाला हो?"

"ते मला कसं माहीत असणार, सारा?"

"तेही खरंच." ती मान हलवत म्हणाली. "तुम्ही कधी सांगायचे नाही. माझा कादेल दारावरच आहे ना?"

"दारावरच आहे."

"असू दे. दार धरायला माणूस भरवशाचा लागतो."

मी मंचावर जाऊन बसलो. खिशातली चिठ्ठी जाकिटातून टोचत होती. कागद टोचत नसतो हे मला कळत होतं, तरी टोचत होती.

डॉ. पेन्री उठले. तीन लेखांची त्यांनी पाच मिनिटांत वासलात लावली. मग चष्मा पुसला आणि 'वेशीबाहेरचा' हातात घेतला. म्हणाले, "या लेखकाने चार राजे सांगितले आहेत. रोद्रीचा मुलगा कादेल. त्याचा मुलगा हौएल कायदे करून एवढा मोठा झाला, की बापाची आठवण फक्त बाप म्हणून राहिली. ग्रिफिथचा मुलगा कादेल. शिकारीला गेला असताना शत्रूने त्याला मारून मेला समजून टाकलं. तो जगला, पण राज्य भावांकडे देऊन शेवटी मठात जाऊन मेला. पोविस राज्याचा एक कादेल तर असा, की त्याच्या मरणाच्या सालापलीकडे लेखकाला फारसं काही सापडलं नाही, आणि तसं त्याने सरळ लिहिलं आहे. पण सगळ्यात जुना कादेल, दंतकथेतला, पोविसच्या घराण्याचा मूळपुरुष, त्याच्यावरचं शेवटचं पान मी वाचूनच दाखवतो."

हे पान मी वाचलेलं नव्हतं.

डॉ. पेन्रींचा आवाज खणखणीत. ते वाचू लागले:

"तो दुष्ट राजाचा नोकर होता. साधू दाराशी आला तेव्हा राजाने त्याला आत घेतलं नाही. कादेलने वेशीबाहेरच्या आपल्या झोपडीत नेलं, आणि एकच वासरू होतं ते कापून जेवायला वाढलं. साधूने बजावलं, हाडं मोडू नका. सकाळी वासरू आईपाशी जिवंत उभं होतं. राजाचा किल्ला जळाला आणि नोकर राजा झाला. चमत्काराचं मला कळत नाही. मला एवढंच कळतं, की कोणीतरी बसून ती हाडं वेचली असतील. कोणतं कुठलं हे ओळखून एका जागी ठेवली असतील. राजा व्हायच्या आधी या माणसाने ते काम केलं, आणि कथा सांगणारे ते विसरले.

"यंदा फेब्रुवारीत जमीन गोठलेली होती. एका बाईसाठी घरची जुनी कबर उघडली, तेव्हा तिच्या सासऱ्याची हाडं वर आली. पेटी कधीच कुजली होती. डाव्या मांडीचं हाड मोडून वाकडं सांधलेलं होतं, म्हणून माणूस ओळखू आला. आईने धुतलेल्या पांढऱ्या चादरीत ती सगळी गोळा केली, डोक्यापासून पायापर्यंत पुन्हा लावली, वर पाटीचा दगड ठेवला आणि माती पसरली. प्रेतयात्रा यायला अर्धा तास होता. मुलगा कडेला उभा राहून खाली पाहणार, हे माहीत होतं. त्याला आपली बायको दिसावी, बाप दिसू नये. एवढंच काम. या नावाच्या माणसाला एवढं करता आलं तर नाव वाया गेलं नाही, असं मला वाटतं."

माझे वडील दगडाच्या खाणीत पडले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. डावी मांडी मोडली. ती वाकडी जुळली आणि मरेपर्यंत ते लंगडत चालले. नेस्टाला त्यांच्याच कबरीत ठेवलं. मी कडेला उभा राहून खाली पाहिलं होतं, खाली स्वच्छ, सपाट माती होती. किती नीट खणलीय, एवढंच तेव्हा मनात आलं होतं. कादेलला मी साधं धन्यवादही म्हणालो नव्हतो.

फेब्रुवारीत. पाळकसाहेब तर तीन वर्षांपूर्वीच गेले.

कर्णा वाजला. डॉ. पेन्रींनी पुकारलं, "वेशीबाहेरचा येथे असेल तर त्याने उभं राहावं!" कोणी उठलं नाही. लोक माना वळवून एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. डिलिसकडे, ग्विनकडे, डॉक्टरच्या बायकोकडे. दाराकडे कोणी पाहिलं नाही. दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं. कादेल कडीवर हात ठेवून उभा होता, नजर आपल्या बुटांवर.

"चिटणीस, लखोटा," डॉ. पेन्री म्हणाले.

मी दिला. त्यांनी तो फाडला, आत पाहिलं, उलटा करून झटकला. "यात काहीच नाही."

सभागृहात कुजबुज उठली. रिकामा लखोटा! मागून कोणीतरी हसलं. सारा शेजारणीला विचारत होती, "काय झालं? कुणाचं नाव घेतलं?" आता मी फक्त बसून राहायचं होतं. बसून राहणं मला नेहमीच जमलेलं आहे.

मी उठलो, जाकिटाच्या खिशात हात घातला आणि चिठ्ठी बाहेर काढली. बावीस वर्षं ज्या माणसाने लखोटे सांभाळले, त्याच्या स्वतःच्या खिशातून नाव बाहेर येताना सगळ्या गावाने पाहिलं. कुजबुज एकदम थांबली. डॉ. पेन्रींनी चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हात पुढे केला नाही. म्हणाले, "तुम्हीच वाचा."

"हा लखोटा मी गुरुवारी उघडला," मी म्हणालो. "लेख चोरीचा आहे असं मला वाटलं. तो चोरीचा नाही. मी साक्षीदार आहे." मग पहिल्या रांगेच्या कडेला तोंड करून, वर्गात हजेरी घेताना घ्यायचो तितक्या मोठ्याने वाचलं, "कादेल मॉरिस."

साराच्या मांडीवरची पर्स खाली पडली. ती उचलायला कोणी वाकलं नाही, कारण सगळे मागे वळून दाराकडे पाहत होते.

रिवाजाप्रमाणे दोघे जण त्याला आणायला गेले. त्याने हातातला कोणाचा तरी कोट आधी नीट खुंटीला लावला. मग त्या दोघांच्या मधून चालत आला. माझ्यासमोरून जाताना थांबला नाही आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. आमच्या सुताराने केलेल्या त्या नव्या खुर्चीत तो अगदी कडेवर बसला.

त्याच्या डोक्यावर तलवार धरली गेली, म्यानातून अर्धी बाहेर. सभेला तीनदा विचारायचं असतं, शांतता आहे का? तीनदा सगळ्यांनी आहे म्हटलं तरच तलवार परत म्यानात जाते आणि खुर्ची त्याची होते.

"शांतता आहे का?"

"आहे!" सारं सभागृह म्हणालं.

"शांतता आहे का?"

"आहे!"

आता कादेलने मान वर केली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. नीट, सावकाश, कबर खणण्याआधी तो जमीन पाहतो तसं.

"शांतता आहे का?"

"आहे!" सगळे म्हणाले. मी तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. तलवार म्यानात गेली. टाळ्या सुरू होण्याआधी क्षणभर सगळं स्तब्ध होतं, आणि तेवढ्यात, ऐकू कमी येत असल्यामुळे उशीर झालेली, पहिल्या रांगेच्या कडेहून सारा एकटीच मोठ्याने म्हणाली, "आहे!"